विटाळ आणि प्रदूषण : विद्यार्थ्यांच्या नदी-प्रकल्पाच्या निमित्ताने

दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत मुलांची एकच धांदल उडते. ती असते पर्यावरणाच्या ‘प्रकल्पा’ची. गेल्या वर्षी अकरावीच्या पाच मुलांचा गट फाईल घेऊन आमच्याकडे आला. “जय भीम काका, जरा शुद्धलेखन बघून द्या,” एवढेच त्यांचे म्हणणे होते. फाईल देखणी होती. वर रंगीत मुखपृष्ठ, आत गंगा नदीची छायाचित्रे, प्रदूषणाची व्याख्या, कारणे, परिणाम, उपाय आणि शेवटी आभार. आम्ही सहज विचारले, “बाळांनो, आपली वालदेवी कशी आहे रे?” त्यातली एक मुलगी म्हणाली, “काळी.” “कुठपासून काळी होते?” यावर पाचही जण गप्प!

लॅम रोडने नाशिकरोडला जाताना विहितगावच्या पुलावर याच मुलांनी नाकाला कितीतरी वेळा रुमाल लावला असेल. परंतु फाईलमध्ये वालदेवीचे नावसुद्धा नव्हते. मजकूर आयता मिळाला होता. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. आम्हीही बी. ए.ला असताना गाईड वाचूनच पेपर लिहिले. पण त्या दिवशी मनाला चुटपुट लागून राहिली. पाच हुशार मुले, दोन महिन्यांचा वेळ, हाकेच्या अंतरावर नदी आणि हाती उरली फक्त एक देखणी फाईल! म्हणून विद्यार्थ्यांच्या गटाने पर्यावरणाच्या प्रश्नाचा अभ्यास म्हणजे नेमके काय करायचे असते आणि आपल्या समाजाच्या मुलांनी तो का करायचा, हे स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहोत.

प्रकल्प कशासाठी?

प्रथम हे प्रकल्प आले कुठून ते पाहू. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात आणण्याचे निर्देश दिले आणि २००३ साली त्यांच्या अंमलबजावणीबद्दल पुन्हा कान टोचले. त्यातून शाळा-महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा झाला आणि त्याच्यासोबत प्रकल्पही आला.

याच सुमारास, म्हणजे १९९३ साली, केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने ‘राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद’ सुरू झाली. ती १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. मुलांनी गट करायचा, आपल्याच परिसरातला एक प्रश्न निवडायचा, स्वतः निरीक्षणे घ्यायची, मोजमाप करायचे आणि निष्कर्ष जिल्हा, राज्य, देश अशा पायऱ्यांनी मांडायचे, अशी ती योजना. तिचे दार शाळेत न जाणाऱ्या मुलांनाही उघडे ठेवले गेले, ही गोष्ट आपल्या वस्त्यांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. महागडी उपकरणे नसली तरी चालतील; प्रश्न आपला हवा, निरीक्षण आपले हवे आणि पद्धत शास्त्रीय हवी, एवढीच अट.

ही अट आपल्याला नवी आहे काय? तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना हेच सांगितले. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका. स्वतः पारखा, मग स्वीकारा. अंगुत्तर निकायातील या उपदेशावर आपण दर वर्षावासात प्रवचने ऐकतो. आता तो एकदा नदीकाठी वापरून पाहावा.

महाडच्या तळ्याचा धडा

पाण्याच्या बाबतीत आपल्या समाजाला आणखी एक जुना अनुभव आहे. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. १९२३ चा बोले ठराव आणि त्यापाठोपाठ १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव यांनी ते तळे कायद्याने सर्वांना खुले झालेलेच होते. तरीही तळे ‘बाटले’ अशी हाकाटी झाली. मग १०८ घागरी पाणी बाहेर काढून दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांच्या साहाय्याने मंत्रघोषात तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली.

क्षणभर विचार करा. माणसाच्या स्पर्शाने पाण्यात काय बदलले होते? त्याची चव, रंग, वास, जंतू यांपैकी कशाचे मोजमाप झाले होते? काहीच नाही. उलट त्या ‘शुद्धी’च्या आधीचे आणि नंतरचे पाणी आजच्या प्रयोगशाळेत दिले असते, तर शेण-गोमूत्र पडल्यानंतरचेच पाणी अधिक दूषित ठरले असते!

विटाळ आणि प्रदूषण यांत हा फरक आहे. विटाळ सांगणाऱ्याच्या मनात असतो. त्याला परिमाण नाही आणि तो कोणाला तपासूनही दाखवता येत नाही. प्रदूषण पाण्यात असते आणि ते मोजता येते. नाशिकचे, मुंबईचे किंवा अमेरिकेचे कोणीही, कोणत्याही जातीचे, तेच पाणी त्याच पद्धतीने तपासले तर सारखाच आकडा आला पाहिजे.

महाडचे प्रकरण पुढे न्यायालयात दहा वर्षे चालले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला, त्याचे कारणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची रूढी अनादि काळापासूनची आहे, असा वादींचा दावा होता. तो त्यांना पुराव्याने सिद्ध करता आला नाही. म्हणजे सत्याग्रहाने जे उभे केले, त्यावर शेवटची मोहोर पुराव्याच्या प्रश्नाने उमटली. बँकेत आम्ही एक नियम पाळतो : व्हाउचर नसेल तर नोंद नाही. तक्रार कितीही खरी असली तरी व्हाउचरशिवाय ती खात्यावर चढत नाही. पाण्याच्या तक्रारीचे व्हाउचर म्हणजे तपासणीची नोंद.

फ्लिंट शहरातील विद्यार्थी

विद्यार्थ्यांनी केलेली तपासणी मोठ्या यंत्रणेसमोर टिकते काय, अशी शंका पुष्कळांना येईल. त्यासाठी अमेरिकेतील एक उदाहरण सांगतो.

मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे, त्या वेळी सुमारे एक लाख वस्तीचे, शहर आहे. अर्ध्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय, गरिबी मोठी. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी या शहराचा पाणीपुरवठा डेट्रॉईटच्या यंत्रणेवरून काढून फ्लिंट नदीवर टाकण्यात आला. या पाण्याने जुने नळ आतून झिजू नयेत म्हणून जे रसायन मिसळायला हवे होते, ते मिसळले गेले नाही. जुन्या जोडण्यांतले शिसे पाण्यात उतरू लागले. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते आणि अधिकारी सांगत होते, “पाणी सुरक्षित आहे.”

ली-ॲन वॉल्टर्स या गृहिणीने हा प्रश्न लावून धरला. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील प्राध्यापक मार्क एडवर्ड्स आणि त्यांचे विद्यार्थी मदतीला आले. त्या विद्यार्थ्यांत सिद्धार्थ रॉय हा भारतातून शिकायला गेलेला तरुण आघाडीवर होता. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी फ्लिंटच्या लोकांसाठी ३०० नमुना-संच पाठवले. प्रत्येक संचात तीन बाटल्या. नळ निदान सहा तास बंद ठेवायचा. मग पहिली बाटली उघडताक्षणी, दुसरी पाणी ४५ सेकंद वाहू दिल्यावर आणि तिसरी दोन मिनिटांनी भरायची. असे का? पहिल्या बाटलीत नळात मुरलेले पाणी येते, नंतरच्या बाटल्यांत रस्त्याकडून घरात येणाऱ्या नळीतले आणि मुख्य वाहिनीतले. त्यावरून शिसे कुठून येते तेही कळते. नमुने नागरिकांनी स्वतः भरले आणि अडीचशेहून अधिक संच परत आले.

तिकडच्या नियमाप्रमाणे शंभरातील दहापेक्षा जास्त नमुन्यांत शिसे १५ पीपीबीच्या, म्हणजे अब्ज भागांत १५ भागांच्या, वर गेले तर कारवाई करावी लागते. विद्यार्थ्यांच्या तपासणीत फ्लिंटने ही मर्यादा स्पष्ट ओलांडली होती. सरकारी अहवालात मात्र शहर मर्यादेच्या आत होते. ते कसे? त्यांच्या ७१ नमुन्यांपैकी दोन नमुने वगळण्यात आले होते, आणि त्यांतला एक वॉल्टर्स यांच्या घरचा होता! पाठोपाठ डॉ. मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्तातील शिसे वाढल्याचे दाखवून दिले. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी शहराचे पाणी पुन्हा डेट्रॉईटवरून सुरू झाले. २०१७ साली राज्याच्या नागरी हक्क आयोगाने या प्रकरणामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा वंशभेद असल्याचे नमूद केले आणि २०२१ साली सुमारे ६२ कोटी ६० लाख डॉलर्सच्या भरपाईला न्यायालयाने मान्यता दिली.

ज्यांचे ओरडणे कोणी ऐकत नाही, त्यांना आकड्यांची गरज सर्वांत जास्त असते, हे या प्रकरणातून शिकायचे.

आपली नदी, आपला प्रश्न

आता आपल्याकडे वळू. इगतपुरी तालुक्यात १९१६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या दारणा धरणातून निघणारी दारणा भगूरवरून पुढे जाते. चेहेडीजवळ तिला वालदेवी मिळते आणि पुढे निफाड तालुक्यात दारणासांगवीला दारणा गोदावरीत जाते. तेथून पाणी नांदूर मधमेश्वरला पोचते. हे पक्ष्यांचे पाणथळ क्षेत्र २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. त्याच्याही पुढे जायकवाडी, म्हणजे मराठवाड्याचे पाणी. विहितगावच्या पुलाखालून जे वाहते ते इतक्या लोकांपर्यंत जाते. गोदावरीच्या प्रदूषणाबद्दल २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, त्या गोदावरीची ही लेकरे.

विद्यार्थ्यांच्या गटाने प्रकल्प करायचा तर पुढील क्रम ठेवावा, असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट, प्रश्न लहान ठेवावा. ‘नद्यांचे प्रदूषण : कारणे व उपाय’ हा प्रश्न पाच मुलांच्या आवाक्यातला नाही. ‘अमुक नाला मिळण्याआधी आणि मिळाल्यानंतर वालदेवीच्या पाण्यात काय फरक पडतो?’ हा आहे.

दुसरी, जागा निश्चित कराव्यात. निदान तीन हव्यात : नाल्याच्या वर, प्रत्यक्ष नाला आणि नाल्याच्या खाली, पाणी नीट मिसळल्यावर. वरच्या जागेची नोंद नसेल तर खालच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. बिघाड नाल्याने केला की पाणी आधीच बिघडून आले, हे सांगता येणार नाही.

तिसरी, वेळ सांभाळावी. पाण्यात विरघळलेला प्राणवायू शेवाळामुळे दुपारी वाढतो आणि पहाटे सर्वांत कमी असतो. म्हणून एक नमुना सकाळचा आणि दुसरा दुपारचा घेऊन तुलना करू नये. पावसाळ्यात पाणी वाढून घाण पातळ होते, मे महिन्यात ती दाट होते. तेव्हा एकाच दिवसावर निष्कर्ष काढू नये. निदान तीन वेळा, आणि जमल्यास दोन ऋतूंत जावे.

चौथी, काय मोजायचे ते ठरवावे. तापमान साध्या थर्मामीटरने आणि आम्लता, म्हणजे पीएच, कागदी पट्टीने कळते. पांढरी-काळी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहिले की गढूळपणा समजतो. विरघळलेला प्राणवायू महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात काढता येतो. स्वच्छ पाण्यात आपल्या हवामानात तो लिटरला साधारण ७ ते ८ मिलिग्रॅम असतो. सांडपाण्यातील घाण खाताना जंतू हा प्राणवायू संपवतात आणि मग मासे गुदमरतात. जंतूंना किती प्राणवायू लागेल त्या मापाला ‘बीओडी’ म्हणतात. आपल्याकडे नमुना २७ अंशावर तीन दिवस ठेवून तो काढतात. उघड्यावर स्नान करण्याजोग्या पाण्याचा सरकारी निकष असा आहे : प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी, आणि विष्ठेतील जंतूंचे प्रमाण १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत, फार तर २,५००. पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे ई. कोलाय हा जंतू एकही आढळता कामा नये.

उपकरण नसेल तर पाण्यातले जीव पाहावेत. दगड उलटून खाली कोणते किडे आहेत ते पाहण्याला खर्च नाही. कमी प्राणवायूत तग धरणाऱ्या लाल अळ्याच तेवढ्या दिसल्या तर पाणी बिघडलेले समजावे. नाना प्रकारचे किडे दिसले तर पाण्यात अजून जीव आहे. जलपर्णीचा हिरवा गालिचा दिसला तर सांडपाण्यातील खतद्रव्ये वाढली आहेत असे ओळखावे.

वस्तीतील नळ, विहीर, हापसा यांच्यासाठी एक स्वस्त चाचणी आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ती १९८२ साली प्रसिद्ध केली. रसायन लावलेली कागदी पट्टी असलेल्या बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायचे. पाणी काळे पडले तर विष्ठेतील जंतूंचा संशय घ्यावा. सैनिकांच्या छावणीशेजारी राहणाऱ्या आपल्याला, ही युक्ती संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतून आली याचे कौतुक वाटावे. नदीला ही चाचणी लावू नये. तिथे बाटली काळी होणारच. आणि बाटली काळी पडली म्हणून घबराटही पसरवू नये; तो नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा अन्य मान्य प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घ्यावा.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट नोंदवहीची. तारीख, वेळ, जागा, हवामान, नमुना कोणी घेतला, बाटलीचा क्रमांक, आकडा. खोडायचे असेल तर एक आडवी रेघ मारून बाजूला सही करावी. पान फाडू नये. आपल्या अंदाजाविरुद्ध आलेला आकडाही ठेवावा. फ्लिंटमध्ये दोन नमुने वगळल्याने काय झाले ते वर सांगितलेच आहे. उद्या आपणही आपल्या सोयीचेच नमुने ठेवले, तर आपल्यात आणि त्या अधिकाऱ्यांत फरक काय?

दोष कोणाला द्यायचा?

येथे थोडे स्पष्ट बोलावे लागेल. नदी घाण झाली की बोट पहिल्यांदा नाल्याकाठच्या झोपड्यांकडे जाते. तिथे कपडे धुणारी, भांडी घासणारी बाई सर्वांना दिसते. पक्क्या इमारतीतले सांडपाणी मात्र भुयारी नळीतून येते, ते दिसत नाही. प्रकल्प करणाऱ्या मुलांनी आधीच कोणाला आरोपी ठरवून निघू नये. नाल्याच्या काठाने उलट चालत जावे, कोणती गटारे कुठे मिळतात त्यांचा नकाशा काढावा, आणि वर-खाली मोजावे. कदाचित वस्तीचा दोष अगदी थोडा निघेल. कदाचित आपल्याच वस्तीचे गटार थेट नदीत जाताना सापडेल. तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावे. आपल्यावर खोटा विटाळ लादला गेला म्हणून आपली खरी घाण झाकून ठेवण्याचा परवाना आपल्याला मिळत नाही. विनयात भिक्खूंना पाण्यात थुंकण्यास व मलमूत्र विसर्जन करण्यास मनाई आहे. त्यांच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्रही येते, ते पाण्यातील सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून. हा नियम आपल्यालाही लागू आहे.

लोकांशी बोलताना मुलांनी परवानगी घ्यावी, आजाराची चौकशी करताना नाव लिहू नये आणि शेवटी निष्कर्ष त्याच लोकांना जाऊन सांगावेत. सोबत मोठे माणूस असावे. पाण्यात उतरू नये, हातमोजे घालावेत, घरी येऊन साबणाने हात धुवावेत. आणि आपण देवळालीत राहतो हे विसरू नये : लष्कराच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नये व तेथे छायाचित्रे काढू नयेत.

अहवालाचे पुढे काय?

अहवाल गुण मिळाल्यावर माळ्यावर टाकू नये. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले. जल प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ साली आला. त्यांच्याकडील नोंदी माहितीच्या अधिकाराखाली, म्हणजे २००५ च्या कायद्याने, मागता येतात. मुलांचे आकडे आणि सरकारी आकडे शेजारी शेजारी ठेवून निवेदन दिले तर संबंधित कार्यालयाला उत्तर द्यावेच लागते. मुलांच्या आकड्यांत चूक असेल तर तीही या निमित्ताने कळेल. त्यात कमीपणा नाही.

ती पाच मुले फाईल परत घेऊन गेली तेव्हा थोडी हिरमुसली होती. पुढच्याच रविवारी मात्र त्यांतली दोघे दाराशी उभी. “काका, वालदेवीवर यायचं का? नाला कुठून येतो ते बघून येऊ.” आम्ही चप्पल घातली आणि निघालो. त्या दिवशी मोजमाप काहीच झाले नाही. फक्त पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने एक नकाशा निघाला, चार गटारे आणि एक पूल एवढाच. पण तो कोणाची नक्कल नव्हती. तो नकाशा आता अभ्यासिकेच्या भिंतीवर लावला आहे.

या वर्षी ज्यांची मुले नववी ते पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत आहेत, अशा धम्मबांधवांना विनंती की त्यांनी प्रकल्पासाठी मुलांच्या हातात पैसे देण्याऐवजी एक रविवार द्यावा. थर्मामीटर, पीएचच्या पट्ट्या, बाटल्या आणि नोंदवही यांचा खर्च आम्ही काही मंडळी मिळून करू.

नमो बुद्धाय! जय भीम!